इंगोले काकांची बॉयलर ड्युटी

कुणाच्या नव्या घरी गेलं की माणसं आधी हॉलचं कौतुक करतात, मग किचनचं, आणि मग "वरती किती बेडरूम्स?" असं विचारत जिन्याकडे सरकतात. इंगोले काका जोडे काढता काढताच विचारायचे, "तळघर कुठून आहे?"

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाला. दोन हजार तीन साल. अमेरिकेत, आयसेलिनमध्ये आम्ही नुकतंच एक जुनं घर घेतलं होतं. मी तेव्हा एच-फोरवर होते, नवऱ्यामागून आलेल्या बायकोचा तो व्हिसा, नोकरीला बंदी. म्हणजे एम.एस्सी. करून घरी बसायचं आणि कोणी विचारलं तर "सध्या ब्रेक घेतलाय" असं हसून सांगायचं. त्यामुळे ही पूजा म्हणजे माझी वार्षिक परीक्षाच होती. चाळीस माणसं, सहा पाउंड रव्याचा प्रसाद, पैठणी. आरतीला सगळे उभे राहिले तशी मागच्या गल्लीतली रूपाली इंगोले माझ्या कानाशी लागली, "मंजिरी, आमचे सासरे दिसले का गं कुठे?"

तेवढ्यात तळघराचं दार उघडलं. खाकी शर्टातले, बुटके, जाड मिशांचे एक गृहस्थ माझी मॉपची बादली घेऊन वर आले. बादलीत गंजाचं लाल, गढूळ पाणी. ती त्यांनी थेट प्रसादाच्या पातेल्याशेजारी ठेवली.

"पाहा," ते आरती थांबवून म्हणाले, "या पाण्यानं तुम्ही आंघोळ करून राहिले."

गुरुजींनी आपलं ताम्हन मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला घेतलं. चाळीस माणसं आधी बादलीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. जणू मीच तो गंज घालून ठेवला होता! नंतर एकाही माणसानं नळाचं पाणी प्यायलं नाही. माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, धावतपळत बाटल्या आणल्या. मी इतकी चिडले होते की रूपालीला निरोपही धड दिला नाही. म्हटलं, कोण हा आगाऊ म्हातारा! पण दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की घर घेतल्यापासून पाणी तापताना तळघरातून जी खडखड यायची ती बंद झालीय. पाणी गरम व्हायच्या टाकीच्या तळाशी साचलेला सगळा गाळ त्या माणसानं आरती होईपर्यंत काढून टाकला होता. मग राग तरी किती दिवस धरणार?

काका मूळचे चंद्रपूरकडचे. तिथल्या एका कागद कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर हाऊसला. 'फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट' असं त्यांचं सर्टिफिकेट होतं आणि अमेरिकेत येताना ते त्यांनी पासपोर्टच्या पिशवीत ठेवून आणलं होतं, न जाणो इमिग्रेशनवाल्यानं मागितलं तर. कुठलाही पाइप दिसला की हाताची पाठ लावून बघायचे. तळहात का नाही लावत, असं मी विचारलं तर म्हणाले, "तळहात भाजला तर काम बंद पडते. पाठ भाजली तर फक्त शिव्या निघतात." खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. माझा फ्रिज, वॉशिंग मशीन, अविनाशची गाडी, सगळ्यांची अशी तपासणी झाली होती. गाडीला कान लावून त्यांनी सुस्कारा सोडला आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. अविनाशला त्या रात्री झोप आली नाही.

"आधी पाणी, मग आग," हे त्यांचं वाक्य. बॉयलरमध्ये पाणी आहे याची खात्री केल्याशिवाय पेटवायचा नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम, पण काकांनी तो अख्ख्या संसाराला लावून टाकला होता. एकदा अविनाशचं नि माझं कडाक्याचं भांडण चालू असताना ते आले. थेट किचनमध्ये गेले, दोन ग्लास पाणी आणून आमच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आधी पाणी, मग आग. प्या. आता भांडा." पाणी पिऊन झाल्यावर कशावरून भांडत होतो तेच आठवेना.

आता त्यांच्या मुख्य दुखण्याकडे येते. दुखणं म्हणजे काकू.

काका आणि शकुंतलाकाकू, दोघंही नातीसाठी अमेरिकेत आले होते. मुलगा प्रशांत आणि सून रूपाली दोघं आयटीत, दोघांची ऑफिसं लांब, आणि लहानगी सई. पण पहिल्याच थंडीत, एका रविवारी, काकू डोक्यावरून न्हायला बसल्या. केस गुडघ्यापर्यंत, त्यात शिकेकाई. त्याच वेळी खाली वॉशिंग मशीन चालू, डिशवॉशर चालू, आणि दुसऱ्या बाथरूममध्ये प्रशांत अर्धा तास शॉवर घेत होता. चाळीस गॅलनची टाकी, ती कोणाकोणाला पुरणार? काकूंच्या डोक्यावर शिकेकाई तशीच आणि नळाला बर्फाचं पाणी. पंधरा दिवसांत काकूंनी तिकीट बदलून घेतलं. जाताना एअरपोर्टवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जिथं बाईमाणसाला न्हायला गरम पाणी भेटत नाही, त्या देशात मी पुन्हा पाय ठेवणार नाही." आणि खरंच ठेवला नाही. सईला शाळेच्या बसपर्यंत सोडायला कोणीतरी हवं म्हणून काका इथे, आणि काकू चंद्रपूरला. दोन वर्षं.

दर रविवारी सकाळी कॉलिंग कार्डवरून फोन व्हायचा. काकूंचे प्रश्न दोनच. "सई कशी आहे? अन् पाणी?" काका म्हणायचे, "आता बरं येते." तिकडून, "हं." संपला फोन. तुमची आठवण येते वगैरे बोलायची त्या पिढीत रीत नव्हती. पण काका रोज दुपारी चहा करायचे तो दोन कपांचा. एक पिऊन झाला की दुसऱ्याकडे बघत बसायचे आणि मग तोही पिऊन टाकायचे. मी एकदा विचारलं, "काका, करमत नाही का हो?" तर मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "तसं नाही बेटा. घराचं प्रेशर जरा डाउन आहे." एवढा कर्ता माणूस, आणि बायको परत यावी म्हणून काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

दोन हजार चारच्या जानेवारीत त्यांच्या घराचा जुना बॉयलर गळायला लागला. सगळ्या घराचं तोंड सुतकी आणि काकांचा चेहरा खुललेला! त्यांनी जाहीर केलं, आता जुना बॉयलर नको, टाकी पण नको. आता कॉम्बी लावायचा. एकच यंत्र, भिंतीला टांगायचं. तेच घर गरम ठेवणार आणि तेच नळाला गरम पाणी देणार. साठवण नाहीच. नळ सोडला की पेटणार, बंद केला की विझणार. "साठाच नाही तर संपणार काय, बाप्पा?" काका म्हणाले. सईच्या शाळेच्या लायब्ररीत कॉम्प्युटरवर बसून त्यांनी ही सगळी माहिती काढली होती.

प्रशांत म्हणाला, "बाबा, इकडे कोणी हे लावत नाही. उद्या घर विकायचं म्हटलं तर?"

"घर विकायला काढायच्या आधी घरात माणसं आणू," काका म्हणाले.

काकांना गाडी येत नव्हती आणि एच-फोरवरच्या बाईला वेळच वेळ असतो असं जगाचं मत, त्यामुळे ड्रायव्हर आणि दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. रूट सत्तावीसवरच्या एका प्लंबिंग सप्लायच्या दुकानात गेलो. गाडीतून उतरताना काकांनी मागच्या सीटवरून काय काढावं? काकूंची आंघोळीची बादली! निळी, प्लास्टिकची, चंद्रपूरहून आणलेली. आत आंघोळीचा मगही. मी म्हटलं, "काका, ही गाडीतच ठेवा ना, प्लीज." ते म्हणाले, "अवो, माप घेतल्याबिगर शर्ट शिवते का कोणी?"

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, बाथरूम्स किती? एका वेळी शॉवर किती चालणार? काकांनी बादली काउंटरवर ठेवली. "माय वाइफ," ते बादलीवर हात ठेवून म्हणाले. तो माणूस दचकून आधी बादलीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला. "वन बकेट, हाऊ मेनी सेकंड्स? हेअर डे, थ्री बकेट्स."

त्याला मी समजावून सांगितलं, की या गृहस्थांच्या पत्नी शॉवर घेत नाहीत, बादलीत पाणी घेऊन मगानं आंघोळ करतात, आणि ज्या दिवशी केस धुतात त्या दिवशी तीन बादल्या लागतात. मागे रांगेत उभे असलेले दोन प्लंबर अगदी मन लावून ऐकत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण गंमत म्हणजे काकांचं बरोबर होतं. अशा बॉयलरमध्ये मिनिटाला पाणी किती येतं हेच बघायचं असतं. त्या माणसानं एका मॉडेलचं पत्रक काढलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. काकांनी चष्मा लावला.

"हे थंड पाणी किती थंड धरून सांगून राहिले, ते विचार त्याला."

विचारलं. तो पत्रक उलटंपालटं करायला लागला. काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. जानेवारीतल्या रोजच्या पहाटेचं नळाच्या पाण्याचं तापमान त्यावर लिहिलेलं होतं. रूपालीचा दह्याचं दूध मोजायचा थर्मामीटर घेऊन हा माणूस महिनाभर पहाटे नळाशी उभा होता! "इथं पाणी बर्फासारखं येते. हा पत्रकातला आकडा कॅलिफोर्नियाच्या पाण्याचा आहे. आपल्याकडं हाच बॉयलर निम्मं पाणी देईल." मग गणित करून त्याहून मोठं मॉडेल त्यांनीच निवडलं, आणि त्याला गॅसचा पाइप जाड लागेल हेही त्यांनीच सांगितलं. रांगेतला एक प्लंबर पुढे आला आणि त्यानं काकांशी हात मिळवला. तो स्टॅन, पोलंडचा. त्याच्या गावी भिंतीवरचे बॉयलर घरोघरी असतात म्हणे. त्याच्याही खिशात लांब स्क्रूड्रायव्हर होता. दोघांनी आपापले स्क्रूड्रायव्हर काढून एकमेकांना दाखवले. त्यानंतर त्या दुकानात माझी कोणाला गरज राहिली नाही.

बसवण्याचं काम चार दिवस चाललं. स्टॅनचं इंग्रजी अर्धंमुर्धं, काकांचं पाव. पण तळघरातून दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या. "नो, नो, बाप्पा!" असं स्टॅन ओरडायला लागला तेव्हा आम्ही ओळखलं की काम नीट चाललंय.

मग टाउनचा इन्स्पेक्टर येणार असं पत्र आलं आणि काकांच्या अंगात संचारलं. आपल्याकडे बॉयलर इन्स्पेक्टर येणार म्हणजे कारखान्यात केवढी धांदल! आठ दिवस घासपूस, रंगरंगोटी, साहेबासाठी जेवण. काकांनी तळघर दोनदा धुतलं. खाकी शर्टाला कडक इस्त्री केली. बॉयलरला हार घालायचा होता, पण मी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून झेंडू आणायला साफ नकार दिला. रूपालीला सुट्टी टाकायला लावून शिरा आणि तर्री पोहे करवून घेतले. काका दारात लॉगबुक घेऊन उभे. हो, लॉगबुक. बॉयलर पेटल्यापासून सकाळ-संध्याकाळचं प्रेशर त्यात लिहिलेलं होतं आणि खाली सही, 'एन. पी. इंगोले, फर्स्ट क्लास'.

इन्स्पेक्टर आला. पंचविशीतला धिप्पाड पोरगा, हातात कॉफी. तळघरात गेला, वर बघितलं, खाली बघितलं, एक पाइप बुटानं हलवून बघितला, स्टिकर चिकटवला आणि "यू आर ऑल सेट" म्हणून निघाला. चार मिनिटं! लॉगबुक उघडलंसुद्धा नाही. काका थिजून उभे. मग एकदम भानावर आले, शिऱ्याचा डबा उचलला आणि त्याच्या ट्रकमागे धावत सुटले. "सर! सर! फॉर यू, सर! स्वीट!" त्या पोरानं काच दोन बोटं खाली केली आणि डब्याकडे असं बघितलं की विचारू नका. आम्ही काही घेऊ शकत नाही म्हणाला आणि भुर्रकन गेला. रस्त्याच्या मधोमध उभे राहून काका म्हणाले, "हात लावून पाहिलं नाही त्यानं. पाठसुद्धा नाही लावली." शिरा आम्ही खाल्ला. छान झाला होता, पण काकांनी घास घेतला नाही.

त्या रविवारी फोनवर "अन् पाणी?" आल्यावर काका म्हणाले, "ये. आता संपतच नाही." तिकडून "हं" आलं. मग, "पाहते." काकांनी फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "येते म्हणाली." फोन स्पीकरवर होता, ते "पाहते" आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

पण काकू आल्या खऱ्या. दिवाळीच्या आठ दिवस आधी. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू, आणि नजर अशी की सामान उचलणारा प्रशांत आपोआप ताठ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आंघोळ. रूपालीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, म्हणाली, "मला एकटीला टेन्शन येतंय." काका तळघरात बॉयलरसमोर उभे. आम्ही जिन्यात. काकू बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडल्याचा आवाज आला. एक मिनिट गेलं. दोन गेली. आणि वरून आवाज आला, "गारच आहे!"

काका तीन-तीन पायऱ्या गाळत वर आले. तोंडावर रक्त नाही. "पेटलाच नाही," एवढंच म्हणत होते. मला तर रडूच यायला लागलं. एवढा खटाटोप, महिनाभर दह्याचा थर्मामीटर घेऊन उभा राहिलेला माणूस, आणि पहिल्याच बादलीला हे! सामानाच्या बॅगा अजून उघडल्यासुद्धा नव्हत्या. त्या तशाच परत जाणार, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

काकांनी मग दाराला कान लावला. डोळे मिटले. आणि हळू आवाजात म्हणाले, "शकुंतला, धार किती सोडली?"

"नेहमीसारखी."

नेहमीसारखी म्हणजे सुतळीएवढी. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येणाऱ्या घरातली बाई ती, तिनं जन्मात नळ पूर्ण सोडलेला नव्हता. आणि कॉम्बीची गोष्ट अशी की धार फार बारीक असली की त्याला कळतच नाही कोणी पाणी मागतंय. तो पेटतच नाही. दुकानात, तळघरात, लॉगबुकात, काकांनी सगळं मोजलं होतं. फक्त बायकोचा हात मोजायचा राहिला होता.

"पूर्ण सोड!" काका ओरडले.

"सगळं वाया जाईल!"

"जाऊ दे वाया!"

मग काकू दाराआडून म्हणाल्या, "हे तुम्ही बोलून राहिले? चाळीस वर्षं नळाची धार जाड झाली की अंगावर धावून येत होते ते तुम्हीच ना?"

"मीच. आता सोड म्हणतो ना. सोड, सोड, अजून सोड!"

धो धो आवाज आला. खाली तळघरात बॉयलरनं 'भप्' केलं. काका जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसले आणि घाम पुसायला लागले. आतून प्लास्टिकचा मग बादलीला लागल्याचा आवाज आला आणि काकू म्हणाल्या, "आलं हो गरम." रूपालीनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी वाकली.

दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानाला त्यांच्याकडे पाहुण्यांसकट अकरा माणसं होती आणि अकराव्यालाही कढत पाणी मिळालं. मात्र एका वेळी एकच नळ, हा काकांचा कायदा. कोणी आंघोळीला गेलं की जिन्याच्या कठड्याला लाल रुमाल बांधला जायचा. रुमाल असेपर्यंत घरात कोणी भांडं घासायचं नाही, हात धुवायचा नाही. सई शाळेत जाऊन सांगायची, "माय आजोबा हॅज अ फ्लॅग फॉर बाथिंग." दरवर्षी एकदा काका व्हिनेगरचे चार गॅलन आणायचे आणि पंपानं ते बॉयलरच्या पोटातून फिरवायचे, आत साचलेला क्षार निघावा म्हणून. त्या दिवशी अख्ख्या घराला लोणच्याचा वास. त्या कामाला मला आवर्जून बोलवायचे, केमिस्ट्रीवाली म्हणून. एम.एस्सी.चा मला अमेरिकेत झालेला पहिला उपयोग तो.

काकू राहिल्या. सहा महिने म्हणून आलेल्या, वर्ष झालं, दोन झाली. फक्त एक गोष्ट काही सुधारली नाही. रोज सकाळी काकू आत गेल्या की बारीक धार सोडायच्या, "गार आहे" म्हणायच्या, आणि काका बाहेरून ओरडायचे, "पूर्ण सोड!" रोज! मग काकांनी दाराबाहेर घडीची खुर्चीच टाकली. आंघोळ होईपर्यंत तिथे बसायचे, मध्ये मध्ये "येते का गरम?" विचारायचे. प्रशांत म्हणायचा, "आईला दोन वर्षांत एक नळ सोडता येत नाही म्हणजे कमाल आहे यार."

एका फेब्रुवारीत काकांना फ्लू झाला. तापानं फणफणलेले, तरी उठायला बघत होते. "शकुंतलेची आंघोळ आहे, तिला धार समजत नाही." मी दटावून झोपवलं आणि म्हटलं, आज माझी ड्युटी. खुर्चीवर जाऊन बसले. काकू आत गेल्या, नळाचा आवाज आला. धो धो! पहिल्या झटक्यात, पूर्ण! खाली बॉयलरनं 'भप्' केलं आणि काकूंची आंघोळ दहा मिनिटांत उरकलीसुद्धा. मी आ वासून बसले होते.

नंतर त्या उन्हात केस वाळवत बसल्या तेव्हा मी विचारलंच, "काकू, तुम्हाला तर नळ छान सोडता येतो की हो."

"माय! नळ सोडायला काय फर्स्ट क्लास सर्टिफिकेट लागते?" काकू केसांत बोटं फिरवत म्हणाल्या. ओले केस त्यांनी पुढे घेतले. मग म्हणाल्या, "गार पाण्याचं काय गं. चंद्रपूरला मी निम्मं वर्ष गारच पाण्यानं न्हाते. पण त्या दिवशी डोळ्यांत शिकेकाई, काही दिसेना, नि मी आतून हाका मारून राहिली. अहो, अहो, अहो. घरात चार माणसं, पण एकानं ओ दिली नाही. हे खाली तळघरात, त्या जुन्या बॉयलरला कान लावून बसलेले. तेव्हाच मनात आलं, हाक मारली तर ओ द्यायला कोणी नसेल तर राहायचं कशाला?" काकूंचे डोळे भरून आले होते, पण त्या हसायला लागल्या. "चौतीस वर्षं हा माणूस बॉयलरपाशी बसला. दिवसपाळी, रातपाळी, माझ्या बाळंतपणातसुद्धा. आता बॉयलर खाली अन् हे वर, माझ्या दाराशी. मी कशाला पहिल्या फटक्यात नळ सोडू?" आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "त्याहिले सांगू नको हं."

मी नाही सांगितलं. अविनाशलासुद्धा नाही, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या आयसेलिनला ठाऊक आहे.

दोन हजार आठमध्ये अविनाशला कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची नोकरी मिळाली आणि आम्ही आवराआवर केली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी इंगोल्यांकडे नमस्काराला गेले. दारात स्टॅन भेटला, वर्षाची तपासणी करून निघाला होता. म्हणाला, तुझ्या काकांना जरा समजाव. बॉयलरच्या बाजूला एक छोटी टाकी बसवली की बारीक धारेलाही गरम पाणी येईल, अर्ध्या दिवसाचं काम, तीन वर्षं सांगतोय, पण म्हातारा ऐकत नाही.

वर गेले. काका खुर्चीत. मिशी आता पूर्ण पांढरी झालेली. मी वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हटलं, "काका, स्टॅन म्हणतोय ती टाकी का नाही हो बसवत? रोजचं ओरडणं तरी वाचेल."

काकांनी बाथरूमच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. "मले काय माहीत नाही का, ते बसवलं की होते म्हणून? पहिल्याच महिन्यात गणित केलं होतं." आवाज आणखी खाली आणला. "असू दे, बेटा. इथं बसलो की ती बोलते माझ्याशी. तिला सांगू नको."

मी मान हलवली. जिन्याच्या चार पायऱ्या उतरले असेन, तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला.

"अहो, आहात ना?"

"आहे," काका म्हणाले. "आहे, आहे."